उरलेल्या गोळ्यांचा डबा

थांबाताईंचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर लिहिलेलं आहे. पण तो परवाना भिंतीवर इतका उंच टांगलाय की वाचायला शिडी लागेल, आणि एवढी तसदी आजवर कुणी घेतलेली नाही. सगळी गल्ली त्यांना थांबाताई म्हणते. त्यांच्या औषधांच्या दुकानात औषधाआधी आणि औषधानंतर एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे ‘थांबा’.

डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली की ‘थांबा’. गोळ्या पिशवीत पडल्या आणि गिऱ्हाईक दाराकडे वळलं की पुन्हा ‘थांबा’. मग चष्मा कपाळावर ढकलून ताई विचारणार, ‘‘ही कशासाठी दिलीय ते माहीत आहे ना? आधीच्या चालू आहेत का? हिच्याबरोबर झोपेचं, खोकल्याचं दुसरं काही घेत नाही ना?’’ ज्यांना बस गाठायची असते ते चडफडतात. एक विमा एजंट तर एकदा रडकुंडीला आला होता. ‘‘ताई, मी नुसता कंगवा घ्यायला आलोय हो!’’ ताईंनी त्यालाही सोडलं नाही. कोंडा कधीपासून आहे ते विचारलं.

त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने चेष्टेखोर. दुपारी दोघांचा डबा घेऊन दुकानात येतात, कारण घरचा स्वयंपाक आता त्यांच्याकडे आहे. ते आल्यागेल्याला सांगतात, ‘‘लग्नाला होकार द्यायच्या वेळीसुद्धा हिने मला थांबा म्हटलं होतं. मी बसलो आपला स्टुलावर.’’

दुकान कोपऱ्यावरचं. दाराला घंटा. लाकडी काउंटरची कड लोकांच्या कोपरांनी झिजून गुळगुळीत झालेली. मागे एक छोटी खोली, तिला एक खिडकी, किटली, नळ आणि एक बाक. त्या खोलीतच ते लोखंडी कपाट आहे, ज्याची किल्ली ताईंच्या गळ्यात असते. चष्म्याची दोरीही गळ्यातच असल्यामुळे या दोघींचा रोज एकदा तरी गुंता होतो आणि तो सोडवण्यात ताईंचा अर्धा राग निघून जातो. या कपाटात जहाल दुखणं मारणाऱ्या गोळ्या असतात. मोठी ऑपरेशनं, मोडलेली हाडं, कर्करोगाच्या वेदना, यांच्यावर त्यांच्याइतकं गुणाचं दुसरं काही नाही. पण या गोळ्या अफूच्या कुळातल्या. दुखणं थांबवता थांबवता त्या माणसालाच धरून बसतात. प्रमाण चुकलं, किंवा झोप आणणाऱ्या दुसऱ्या औषधाशी गाठ पडली, तर श्वास मंदावतो आणि मंदावता मंदावता थांबतोसुद्धा.

काही वर्षांपूर्वी आरोग्य खात्याने गावातल्या सगळ्या औषधवाल्यांना बोलावून याबद्दल शिकवलं आणि नाकात मारायचे फवारे दिले. अशा गोळ्यांनी कुणाचा श्वास बुडायला लागला तर नाकात एक फवारा मारायचा, अँब्युलन्स बोलवायची आणि माणसाला कुशीवर वळवून जवळ बसून राहायचं. बाकीच्या काही दुकानदारांनी ते फवारे फळीवर मागे ढकलून दिले. ताईंनी मागच्या खोलीत शाळाच उघडली. ज्या घरात या गोळ्या जाणार, त्या घरातलं एक माणूस येऊन शिकून जाणार, हा त्यांचा नियम. बेशुद्ध रुग्णाचं काम यजमानांकडे. बाकावर आडवे होऊन ते डोळे मिटून सांगायचे, ‘‘आता माझा श्वास मंदावतोय बरं का.’’ ताई म्हणायच्या, ‘‘बेशुद्ध माणूस बोलत नाही. गप पडा.’’

आणि काउंटरच्या टोकाला तो डबा. मुळात बेकरीतला बिस्किटांचा मोठा डबा, झाकणाला फट पाडलेली आणि वर एक छोटं कुलूप. या कपाटातल्या ज्या गोळ्या घरी उरतील त्या परत आणून त्यात टाकायच्या. भरला की आरोग्य खात्याची गाडी येऊन नष्ट करायला घेऊन जाते. घरात, ड्रॉवरमध्ये, उशीखाली पडून राहिलेली गोळी आज ना उद्या भलत्याच माणसाच्या तोंडात जाते, असं ताईंचं म्हणणं. हा डबा ज्यांनी दिला, तेच बेकरीवाले दादा. त्यांचीच ही गोष्ट.

दादांची बेकरी रस्त्याच्या पलीकडे, शिंप्याच्या पुढे. माणूस दणकट, हातांना कायम पिठाचा वास, आणि बोलणं भट्टीसारखं, एकदम तापणारं आणि हळूहळू निवणारं. पुढे एकदा मैद्याचं पोतं उचलताना पाठीत कळ आली ती ऑपरेशनपर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी या गोळ्या लिहून दिल्या. पाकिटावर ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘दुखेल तेव्हाच’.

इथे ताईंची एक खोड सांगायला हवी. नियमितपणावर त्यांचा भारी जीव. रक्तदाबवाले, साखरवाले, हृदयवाले हेच तर त्यांचं रोजचं गिऱ्हाईक, आणि त्यातले निम्मे गोळ्या चुकवणारे. निवृत्त इंजिनड्रायव्हर आजोबा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मधूनच गोळी सोडायचे. ताई त्यांना अख्ख्या दुकानासमोर झापायच्या. सगळा जन्म ‘वेळेवर घ्या, संपायच्या आत या’ हेच सांगण्यात गेलेला. अशा बाईच्या दुकानात दर महिन्याला त्याच तारखेला, दुपारची भट्टी उतरली की, पांढरा एप्रन झटकत एक माणूस हजर होतो. ना एक दिवस आधी, ना एक दिवस नंतर. ताईंना तो आवडणार नाही तर काय!

‘‘आलं आमचं घड्याळ!’’ त्या म्हणायच्या. आजोबांना ऐकवायच्या, ‘‘बघा, शिका जरा यांच्याकडून.’’ दादांची छाती फुगायची. भट्टीवाल्या माणसाला कौतुक तसं कमीच मिळतं. पाव चांगला झाला तर लोक खातात, बिघडला तरच बोलतात. दादांचं पाकीट आदल्या दिवशीच तयार असायचं. आणि सगळ्या गल्लीला थांबवणाऱ्या ताई या एका माणसाला कधीच ‘थांबा’ म्हणायच्या नाहीत. घड्याळाला काय थांबवायचं, असं त्यांना वाटायचं. घरचं माणूस शिकायला पाठवा, हा नियमही दादांच्या बाबतीत राहूनच गेला.

दोन वर्षं हे असंच चाललं. मग अशाच एका दुपारी गाण्याच्या बाई आल्या. जिन्यावरून पडून त्यांचं मनगट मोडलं होतं, ते आता जुळलेलं. त्यांनी पर्समधून अर्धवट पाकीट काढलं आणि डब्याच्या फटीत टाकलं. ‘‘हे तुमचं तुम्हाला, थांबाताई. पहिले काही दिवस घेतल्या, मग दुखायचं कमी झालं. नंतर पाकीट कुठे ठेवलं तेही विसरले. काल पियानोच्या स्टुलात सापडलं.’’

दादा शेजारीच उभे होते, आपलं पाकीट घ्यायला हात पुढे केलेला. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. ‘‘उरतात होय लोकांच्या?’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या बरोब्बर संपतात बघा, ताई. एक इकडे नाही, एक तिकडे नाही.’’

आणि त्यांनी ताईंकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

ताईंचा हात पाकिटावर तसाच राहिला. दुखेल तेव्हाच घ्यायची गोळी. पाठ काय कॅलेंडर बघून दुखते? कधी जास्त दुखेल, कधी कमी, कधी नाहीच दुखणार, कधी माणूस कामाच्या नादात विसरेल. चार गोळ्या उरतील, कधी कमी पडतील. ज्याच्या दर महिन्याला बरोब्बर संपतात, तो दुखण्यासाठी घेतच नाहीये. तो गोळीसाठी गोळी घेतोय.

मग एकेक आठवायला लागलं. पोट साफ होत नाही म्हणून दादा पावडर न्यायचे, ती ताईंनीच दिलेली. हाताला भाजलं ते कळलंच नाही म्हणाले, त्याचं मलमही ताईंनीच दिलं होतं. मध्ये पावात मीठच नव्हतं म्हणून गल्ली कुरकुरली होती. भर दुपारी पोत्यावर बसल्या बसल्या डुलक्या काढतात म्हणून पोरं हसायची. ताईंनी पावडर विकली, मलम विकलं, बेचव पाव खाल्ला, आणि या सगळ्याची बेरीज काही केली नाही.

त्यांनी पाकीट दिलं. दादा शाबासकीशिवायच गेले.

जेवताना ताईंनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. यजमानांनी विचारलं, ‘‘काय गं, मीठ जास्त झालं?’’

‘‘अहो, जेवलेच कुठे मी. मी एका माणसाचं वाटोळं केलं.’’ कुणाचं ते सांगितलं नाही. गिऱ्हाइकाचं नाव त्या घरीही काढत नसत. ‘‘त्याला सवय लागत होती आणि मी वर त्याचं कौतुक करत होते. ज्या गोळीचं विसरणंच चांगलं, ती मी त्याला नियमित घ्यायला लावली.’’

यजमानांनी डबा पुन्हा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, ‘‘तू सगळ्यांना थांबवतेस. त्याला थांबवलं होतंस का कधी?’’

‘‘नाही ना!’’

‘‘मग आता थांबव. आणि आधी दोन घास खा. उपाशीपोटी तू फार ओरडतेस.’’

वेळ शोधावी लागली नाही. दुसऱ्याच दिवशी दादा नाक पुसत आले. ‘‘ताई, खोकला झालाय. ते मागे दिलं होतं ना, झोप येणारं, तेच द्या. गाढ झोप लागते त्याने.’’

ताईंनी चष्मा कपाळावर ढकलला. त्या गोळ्या आणि वर ते औषध! मागे म्हणजे कधी? ऑपरेशनच्या आधी दिलं असणार, देव पावला. त्यांनी दाराला ‘पाच मिनिटांत येते’ची पाटी लावली. ‘‘दादा, थांबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जरा आत या.’’

दादा चकित झाले. हा शब्द त्यांना नवा होता. आतल्या बाकावर बसले. ताईंनी सरळ विचारलं, ‘‘पाठ खरंच रोज दुखते का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे गोळी घेताना दुखत असतं म्हणून घेता, की वेळ झाली म्हणून?’’

तिथेच बिनसलं. ताई मऊ आवाजात सांगत होत्या, की हे अनेकांना होतं, यात लाज नाही, डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करता येतं, आणि ते खोकल्याचं औषध मात्र या गोळ्यांबरोबर अजिबात चालणार नाही. दादांच्या कानात एवढंच शिरलं की आपल्याला नशेबाज म्हटलंय. त्यात ताईंनी फवारा पुढे केला. ‘‘हा घरात ठेवा. वहिनींना पाठवा, मी शिकवते.’’

दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘‘मी पहाटे उठून अख्ख्या गल्लीला पाव घालतो, आणि मला गर्दुल्ल्यांचं औषध देता? दर महिन्याला घड्याळ घड्याळ म्हणून डोक्यावर चढवलंत ते कशाला? ताई, तुम्ही मला असं समजता?’’ ते उठले, आणि घंटा तुटेल इतक्या जोरात दार ओढून निघून गेले.

ताईंना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. माणूस रागावला तर रागावू दे, पण खोकल्याचं औषध दुसऱ्या दुकानातून आणलं तर? पाकीट तर नवं कोरं घरात आहे. त्यांनी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाई तरुण, कायम घाईत, पण ऐकून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, मीही आधीचं बघून तेच पुढे लिहीत गेले. गावातल्या दुकानांना मी आत्ता कळवते, त्यांना ते खोकल्याचं औषध कुणी देणार नाही. बाकी काय करायचं ते करू, पण त्यांना आधी परत आणा. तुमचं ऐकतील.’’

ऐकतील म्हणे! दुसऱ्या दिवशी बेकरीतून ताईंचा सकाळचा पाव आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रस्ता ओलांडला की बेकरी, पण ताईंना तो रस्ता एकदम फार रुंद वाटायला लागला. शेवटी दुपारी त्यांनी दुकान यजमानांवर सोडलं. ‘‘कंगवे, साबण तेवढे विका. औषधाला कुणी आलं तर थांबा म्हणा,’’ असं बजावलं आणि फवारा पिशवीत टाकून निघाल्या.

बेकरीत वहिनी एकट्याच पाव मोजत होत्या. ताईंना बघून त्यांचे डोळेच भरून आले. ‘‘बरं झालं आलात. यांना काय झालंय कळत नाही. दोन दिवस झाले, घामाघूम होतात, मग थंडी वाजते. नाक गळतंय, जांभया देतायत, पाय एका जागी ठरत नाहीत. सर्दी आहे म्हणतात आणि डॉक्टरकडे येत नाहीत.’’

आतल्या खोलीत, पोत्यांच्या आडोशाला, दादा घोंगडी पांघरून बसले होते. चेहरा उतरलेला. ताईंना बघून त्यांनी मान फिरवली.

‘‘गोळ्या बंद केल्यात?’’ ताईंनी विचारलं.

‘‘केल्या. एकदम केल्या. नशेबाज नाही ते दाखवायला.’’ त्यांचे दात वाजत होते. ‘‘आणि पाठ अशी दुखतेय, ताई, की ऑपरेशनच्या वेळीही इतकी दुखली नव्हती. बघा, मला खरंच लागतात की नाही गोळ्या.’’

ताई पोत्यावर बसल्या. साडी पिठाने पांढरी झाली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी घरून बरंच काही ठरवून आणलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. ‘‘दादा, चूक माझी आहे.’’

दादांनी मान वळवली.

‘‘ही गोळी वेळेवर घ्यायची नसतेच. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, दुखेल तेव्हाच. आणि मीच तुम्हाला घड्याळ म्हणत राहिले. सगळ्या गल्लीला थांबवते, तुम्हाला तेवढं थांबवलं नाही, कारण तुम्ही माझे लाडके. आता हे जे दुखतंय ना, ती पाठ नाही. अंग गोळी मागतंय. न घेतली की दुखतं, दुखलं की घ्यावी लागते, मग माणसाला वाटतं दुखणं अजून आहेच. तुमच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं.’’

दादांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग हळूच म्हणाले, ‘‘पाठ कधीच बरी झालीय, ताई. पोती उचलतो मी. पण वेळ टळली की अंग मोडून यायचं, आणि मला वाटायचं, दुखणंच परत आलं. कुणाला सांगू? तुम्हाला? तुम्ही तर माझं कौतुक करत होता.’’

हे ऐकून ताईंना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. वहिनी दारात उभ्या राहून पदर डोळ्याला लावत होत्या. दादाच शेवटी कासावीस होऊन म्हणाले, ‘‘अहो, रडताय काय दोघी! मेलोय का मी अजून?’’

‘‘तेच तर व्हायला नकोय,’’ ताई नाक पुसत म्हणाल्या. ‘‘अशी एकदम सोडून ही सुटत नाही. आणि आता घाबरून पहिल्याइतकी घेतलीत तर अंगाला तेवढी झेपायची नाही. पाकीट वहिनींकडे द्या. डॉक्टरांशी बोलू, मग थोडी घ्यायची, मग त्याहून थोडी. हळूहळू उतरायचं. भट्टी काय तुम्ही पाणी ओतून विझवता?’’

‘‘तडा जाईल तिला,’’ दादा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना ते पटून गेलं.

मग ताईंनी फवारा काढला. दादांच्या कपाळाला पुन्हा आठी पडली. ताईंनी भट्टीशेजारच्या वाळूच्या बादलीकडे बोट दाखवलं. ‘‘ती कशाला ठेवलीय? बेकरी जाळायचा विचार आहे म्हणून?’’ वहिनींना हसू फुटलं. फवारा बादलीच्या वरच्या खिळ्याला, एका पिशवीत लटकला. वहिनी दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तो कसा मारायचा ते शिकून गेल्या. यजमान नेहमीसारखे बाकावर बेशुद्ध पडले आणि वहिनींनी त्यांना कुशीवर इतक्या जोरात वळवलं की ते खाली पडले. सुदैवाने तो फवारा कधी वापरावा लागला नाही. आजही तिथेच लटकतोय, जुना झाला की ताई बदलून देतात.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी दादांना तपासलं, आणि त्यांनी आणि ताईंनी मिळून सगळं ठरवलं. महिन्याचं पाकीट बंद, दर सोमवारी आठवड्यापुरत्या गोळ्या न्यायच्या, आणि प्रमाण इतकं सावकाश कमी करायचं की शरीराला पत्ता लागू नये. दादा सोमवारी भट्टी उतरली की यायचे आणि ताई ‘थांबा’ म्हणायच्या. आतल्या बाकावर दोन कप चहा व्हायचा. झोप कशी आहे, अंग मोडतंय का, चिडचिड किती, याची चौकशी व्हायची. चिडचिडीबद्दल दादा म्हणायचे, ‘‘ते बायकोला विचारा.’’

सगळं सरळ झालं असं नाही. हिवाळ्यात दादांची आई वारली, तेव्हा त्यांनी येऊन सरळ सांगितलं, ‘‘ताई, पहिल्याइतक्या द्या. नाही झेपत.’’ ताईंनी आकांडतांडव केलं नाही, नकारही दिला नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून एक पायरी परत वर चढवली आणि काही आठवडे तिथेच ठेवली. त्या काळात पावात पुन्हा एकदा मीठ नव्हतं. गल्ली कुरकुरली, तसं ताईंनी काउंटरवरून सगळ्यांना ऐकवलं, ‘‘मीठ कमीच खावं. रक्तदाबाला बरं.’’ दर सोमवारी बेकरीवाला औषधवालीकडे आत जाऊन बसतो म्हणजे काहीतरी असणार, अशी कुजबुज शिंप्याने सुरू केली होती. यजमानांनी ती मोठ्या आनंदाने आणखी पसरवली. बायकोच्या वाट्याला या वयात एवढी बदनामी आल्याचा त्यांना अभिमान वाटत होता.

खरं सांगायचं तर ताईंना ते सोमवार आवडायला लागले होते. भीती होतीच. पाच मिनिटं उशीर झाला की त्या दाराकडे बघायच्या, घंटा वाजली की सुस्कारा सोडायच्या. पण दादांच्या डोळ्यांतला तो तरंगता भाव कमी होत होता. दुपारच्या डुलक्या बंद झाल्या. एकदा त्यांचा हात पत्र्याला लागला तर ते केवढ्यांदा ओरडले! रस्त्यापलीकडे ताईंना ते ऐकू आलं आणि मलम काढता काढता त्यांना इतकं बरं वाटलं की आपण अशा कशा, असंही वाटून गेलं.

आणि मग एक सोमवार असा आला की दादा आलेच नाहीत.

प्रमाण तोवर अगदी कमी झालं होतं. दोन आठवड्यांपासून डॉक्टरीणबाईंनी रोजची वेळही काढून टाकली होती. लागलीच तर घ्या म्हणाल्या होत्या. भट्टी उतरल्याचा वास आला, तो विरूनही गेला. चहा किटलीत काळा झाला. दुकानात गर्दी होती. इंजिनड्रायव्हर आजोबा होते, गाण्याच्या बाई होत्या, विमा एजंट होता. ताईंचे हात पाकिटं बांधत होते आणि डोळे दाराकडे. शेवटच्या टप्प्यावरच माणूस घसरतो, हे त्यांनी शिकताना ऐकलं होतं. कुणाकडून जुनी गोळी मिळवली असेल. इतक्या महिन्यांनी पहिल्याइतकी घेतली असेल. वहिनी बाजारात गेल्या असतील आणि ते आत पोत्यांशी एकटे पडले असतील, श्वास मंदावत...

‘‘थांबा!’’ त्या सगळ्या दुकानाला उद्देशून ओरडल्या, फवारा उचलला, आणि वयाला न शोभेल असं धावत रस्ता ओलांडून गेल्या. किल्लीची आणि चष्म्याची दोरी गळ्यात एकमेकींना पिळे घालत होती.

बेकरीत दादा कोपरापर्यंत पिठात होते. मोठ्या लग्नाची ऑर्डर आली होती. त्यांनी वर पाहिलं. ताई धापा टाकत दारात उभ्या, हातात फवारा.

‘‘काय झालं, ताई? कुणाला काय झालं?’’

‘‘आज... सोमवार!’’

‘‘सोमवार?’’ दादा गोंधळले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. ‘‘आज सोमवार आहे? अगं, मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘मला काय माहीत तुम्ही गेला नाहीत ते,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘विसरलोच की!’’ दादा ओशाळले. घड्याळपणाची जुनी सवय, चुकल्यासारखं वाटलं त्यांना. ‘‘चुकलं हो, ताई. मागच्या वेळच्यासुद्धा उरल्यात.’’ एप्रनच्या खिशात हात घालून त्यांनी पाकीट बाहेर काढलं. पिठाने माखलेलं, चुरगळलेलं. त्यात गोळ्या तशाच होत्या. ‘‘शुक्रवारपासून आठवणच नाही झाली.’’

ताई त्या पाकिटाकडे बघत राहिल्या. मग तिथल्याच पोत्यावर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, चष्मा पिठाचा झाला, पण हसू थांबेना. ‘‘शाब्बास!’’ त्या म्हणाल्या. दोन वर्षं दिलेल्या सगळ्या शाबासक्या चुकीच्या होत्या, ही तेवढी बरोबर होती. ‘‘शाब्बास, दादा! असंच विसरत जा.’’

दादांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते पिठाचे हात तसेच धरून उभे राहिले. वहिनींनी पुढे होऊन ताईंच्या हातात एक गरम पाव ठेवला, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

ताई परत आल्या तेव्हा दुकानातलं एकही गिऱ्हाईक हललेलं नव्हतं. थांबा म्हटल्यावर थांबायची सवय होती सगळ्यांना. सगळे त्यांच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या केसांकडे आणि साडीकडे बघत होते. ताईंनी कुणाला काही सांगितलं नाही. त्या काउंटरच्या टोकाशी गेल्या आणि ते पिठाचं पाकीट डब्याच्या फटीतून आत टाकलं.

‘‘काय झालं हो?’’ इंजिनड्रायव्हर आजोबांनी विचारलं.

‘‘काही नाही,’’ थांबाताई म्हणाल्या. ‘‘एक गोळी चुकली.’’ आणि जन्मात पहिल्यांदाच, गोळी चुकल्याचं सांगताना त्या हसत होत्या. आजोबांनी ही संधी साधून हळूच विचारलं, ‘‘मग माझी चालेल का चुकवलेली?’’

‘‘तुम्ही थांबा,’’ ताई म्हणाल्या, आणि चष्मा पुसून कपाळावर ढकलला.